ससा, खरहा आणि खरगोश : पाळीव सशांच्या जाती आल्या कुठून?

पुरानी बस्ती हा रायपूर शहराच्या सर्वांत जुन्या भागांपैकी एक. महामाया मंदिर, दूधाधारी मठ आणि जवळचा बूढा तलाव यांच्या आसपास वसलेली ही वस्ती. १७५८ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजींनी छत्तीसगडचा कारभार हाती घेतला आणि मराठी भाषेला या प्रदेशात कायमचे घर मिळाले. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली. तिकडून इकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांचा ओघ मग दीर्घकाळ सुरू राहिला. अशा बहुभाषी वस्तीत लांब कानांच्या एका प्राण्यासाठी तीन शब्द सहज कानावर पडतात. मराठीत ससा, छत्तीसगढीत खरहा, हिंदीत खरगोश. त्यांतला खरगोश फारसीतून आला. त्याचा शब्दशः अर्थ ‘गाढवासारखे कान असलेला’.

शब्द तीन आहेत. प्राणी मात्र दोन. शेताच्या बांधावरून उड्या मारीत नाहीसा होणारा तपकिरी प्राणी वेगळा आणि बाजारातल्या पिंजऱ्यात बसलेला पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा प्राणी वेगळा. पहिला या भूमीचा, दुसरा मूळचा पश्चिम युरोपचा. हिंदीत निदान काही लेखक पहिल्याला खरहा आणि दुसऱ्याला खरगोश म्हणून हा भेद पाळतात. मराठीत दोघेही ‘ससा’च. पाळीव सशांच्या जातींचा इतिहास समजून घ्यायचा, तर आधी ही गाठ सोडवावी लागते. त्या इतिहासात नावांनी केलेली फसवणूक पुढेही अनेकदा भेटणार आहे.

एक नाव, दोन प्राणी

भारतीय सशाचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे ‘काळ्या मानेचा ससा’. दक्षिण भारतात त्याच्या मानेमागे काळा डाग स्पष्ट दिसतो. तो बिळात राहत नाही. गवतात किंवा झुडपाखाली अंगाच्या आकाराचा उथळ खळगा करून तो दिवसभर दबून बसतो आणि रात्री चरतो. त्याचे पिल्लू जन्मतःच केसाळ असते, डोळे उघडे असतात आणि थोड्याच वेळात ते हालचाल करू लागते.

पाळीव सशाचा पूर्वज म्हणजे युरोपीय ससा, ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. तो जमिनीत बिळांची जाळी खणून कळपाने राहतो. गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा. पिल्ले जन्मतात तेव्हा उघडी आणि आंधळी असतात. आईने स्वतःचे केस उपटून केलेल्या उबदार घरट्यात ती वाढतात. युरोपीय सशाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, तर लेपस कुळातील सशांमध्ये ४८. दोघांच्या वाटा एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. त्यांचा संकर होत नाही.

भारतात ऑरिक्टोलॅगसचा रानटी वंश कधीच नव्हता. त्यामुळे पंचतंत्रातील सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा ससा, जातककथेतला फळ पडल्याच्या आवाजाने ‘पृथ्वी दुभंगली’ म्हणून धावत सुटणारा ससा, चंद्राला ‘शशांक’ हे नाव मिळवून देणारा ससा हे सगळे तपकिरी, बिनबिळाचे, एकांडे रानससे होत. ‘सशाचे काळीज’ आणि ‘ससेहोलपट’ हे शब्दही त्याच्याच जगण्यातून आले. मराठी बालसाहित्यातला कापसासारखा पांढरा ससा मात्र फार अलीकडचा पाहुणा. त्याने जुन्या सशाचे नाव घेतले आणि मुलांच्या मनातील त्याची जागाही घेतली.

पोपच्या नावावरची दंतकथा

युरोपीय सशाचे मूळ घर आयबेरियन द्वीपकल्प, म्हणजे आजचे स्पेन-पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्स. ‘हिस्पानिया’ हे नाव फिनिशियन खलाशांनी सशांवरून दिले, असे एक मत आहे. त्या खलाशांना आपल्याकडचा हायरॅक्स हा लहानसा प्राणी परिचित होता. स्पेनमधले ससे पाहून त्यांनी त्याचेच नाव त्या किनाऱ्याला दिले असावे. खरे असेल तर नावांची गफलत तिथूनच सुरू होते. रोमन सम्राट हेड्रियनच्या नाण्यांवर हिस्पानियाच्या मूर्तीच्या पायाशी ससा कोरलेला दिसतो. प्लिनीने लिहून ठेवले आहे की बॅलेरिक बेटांवरील लोक सशांच्या उपद्रवाने इतके त्रासले, की त्यांनी ऑगस्टसकडे सैनिकी मदत मागितली. रोमन जमीनदार भिंतींनी वेढलेल्या आवारात ससे राखीत. व्हॅरोने अशा आवारांचे वर्णन केले आहे.

ससा माणसाळला कधी? या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर अनेक दशके पुस्तकांतून फिरत होते. सुमारे इ.स. ६०० मध्ये पोप ग्रेगरी यांनी म्हणे असा आदेश काढला, की सशाची अर्भके मांसात गणली जात नाहीत, म्हणून उपवासाच्या काळात ती खायला हरकत नाही. मग फ्रान्समधील मठवासीयांनी ससे पाळायला सुरुवात केली आणि पाळीव ससा जन्माला आला. कथा सुटसुटीत होती; साल, स्थळ, कारण, सारे काही तयार.

२०१८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील इव्हान अर्व्हिंग-पीस, ग्रेगर लार्सन आणि सहकाऱ्यांनी या कथेचा माग काढला. असा आदेश कुठेही सापडला नाही. सापडला तो वेगळ्याच ग्रेगरींचा मजकूर. सहाव्या शतकातील तूरचे बिशप ग्रेगरी यांनी आपल्या इतिहासात उपवासाच्या काळात सशांची पिल्ले खाणाऱ्या एका सरदाराचा उल्लेख केला आहे. त्यात परवानगी नाही, मठ नाही, पैदासही नाही. दोन ग्रेगरींची सरमिसळ झाली आणि विसाव्या शतकात एका लेखकाने दुसऱ्यावर विसंबून ती पुढे नेली. सशाच्या माणसाळण्याला एक साल, एक जागा आणि एक कारण देता येत नाही, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष. रोमन आवारे, मध्ययुगीन जमीनदारांची राखीव सशांची कुरणे, घरामागचे पिंजरे अशा टप्प्यांनी शतकानुशतके माणूस आणि ससा जवळ येत गेले.

काळजात झालेला बदल

जनुकीय पुराव्याने याच चित्राला दुजोरा दिला. २०१४ मध्ये मिगेल कार्नेरो आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पाळीव आणि रानटी युरोपीय सशांच्या जीनोमची तुलना प्रसिद्ध केली. जगभरच्या पाळीव सशांचे पूर्वज फ्रान्समधील रानटी सशांच्या गटातून आले, हे तिच्यातून ठळकपणे समोर आले. ‘माणसाळण्याचे जनुक’ असे एखादे जनुक मात्र सापडले नाही. शेकडो ठिकाणी लहानलहान बदल झाले होते. जनुकांची जी रूपे रानात आधीपासून होती, त्यांतील काहींचे प्रमाण पाळीव सशांत वाढले होते. असे बदल मेंदू आणि चेतासंस्थेच्या घडणीशी संबंधित जनुकांजवळ विशेष दाटलेले आढळले.

याचा अर्थ २०१८ मधील दुसऱ्या एका अभ्यासाने उलगडला. सारख्याच परिस्थितीत वाढवलेल्या रानटी आणि पाळीव सशांच्या मेंदूंची चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांद्वारे तुलना केली गेली. पाळीव सशांत भीतीच्या संवेदनेशी निगडित अमिग्डाला हा भाग तुलनेने लहान होता आणि भीतीला आवर घालणारा अग्रभागातील पट्टा मोठा. ‘सशाचे काळीज’ हा वाक्प्रचार रानसशाला शोभतो. पाळीव सशाच्या बाबतीत माणसाने नेमका त्याच गुणाला हात घातला. जो ससा माणूस जवळ येताच भिंतीवर धडका घेत नव्हता, तो पिंजऱ्यात जगला, व्याला, आणि त्याचा वंश वाढला.

मेंदूकडे पहिल्यांदा लक्ष वेधले ते चार्ल्स डार्विन यांनी. १८६८ मध्ये आलेल्या पाळीव प्राणी-वनस्पतींतील विविधतेवरच्या ग्रंथात त्यांनी सशांना एक संपूर्ण प्रकरण दिले. त्यांनी कवट्या मोजल्या, कानांची लांबी घेतली, हाडे तोलली. शरीराच्या मानाने पाळीव सशाच्या मेंदूची पोकळी रानटी सशापेक्षा कमी भरते, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. कान लोंबणाऱ्या सशांत कानाच्या वजनाबरोबर कवटीचा आकारही बदलतो आणि एकच कान लोंबत असेल तर कवटी दोन बाजूंनी असमान होते, ही त्यांचीच नोंद. जातींमधील हे सारे फरक एकाच रानटी पूर्वजापासून निवडीने घडले, हे त्यांना सिद्ध करायचे होते. सशांनी त्यांना तो पुरावा दिला.

एका जनुकाची चार रूपे

ज्यांना आज ‘जाती’ म्हणतात, त्यांतील बहुतेकांचे वय २०० वर्षांच्या आत आहे. अपवाद थोडे. बेल्जियमच्या घेंट परिसरातील फ्लेमिश जायंट या थोराड सशाची परंपरा जुनी मानली जाते. बाकीची वर्दळ एकोणिसाव्या शतकातली. युरोपातील शहरांत कामगार आणि मध्यमवर्गीय लोक घरामागे ससे पाळू लागले. प्रदर्शने भरू लागली, बक्षिसे ठरली आणि प्रत्येक जातीसाठी वजन, रंग, कानांची लांबी यांचे लेखी मापदंड तयार झाले. पुढचे पाय, छाती आणि चेहऱ्यावरचा पट्टा पांढरा असलेला डच ससा याच काळात इंग्लंडमध्ये बेल्जियन सशांपासून घडवला गेला. अमेरिकेतील पैदासकारांच्या संघटनेने आज पन्नासहून अधिक जातींना मान्यता दिली आहे.

इतक्या जाती पाहून वाटते, की त्यांच्यामागे तितकेच जनुकीय अंतर असेल. रंगांपुरते तरी तसे नाही. बारावीच्या जीवशास्त्रात एकाच जनुकाची अनेक रूपे शिकवताना सशाचे उदाहरण येते, ते याच कारणाने. टायरोसिनेज नावाचे विकर काळे-तपकिरी रंगद्रव्य तयार करते. त्याच्या जनुकाची चार रूपे प्रसिद्ध आहेत. पहिले पूर्ण रंग देते. दुसरे पिवळसर छटा जवळजवळ घालवते, म्हणून फर रुपेरी-करडी दिसते, ही चिंचिला. तिसऱ्याचे विकर उष्णतेने निकामी होते, म्हणून ऊबदार धडावर केस पांढरे राहतात आणि नाक, कान, पाय, शेपूट या गार अवयवांवर काळे येतात; ही हिमालयन. चौथे विकर कामच करीत नाही. सगळे अंग पांढरे आणि डोळे रक्तवाहिन्यांच्या रंगाने लाल. या क्रमात आधीचे रूप नंतरच्यावर प्रभावी ठरते.

हिमालयन सशाच्या पाठीवरचे केस काढून तिथे बर्फाची पिशवी बांधली, तर नवे केस काळे उगवतात. जनुक तेच, परिस्थिती बदलली, रंग बदलला. जनुक आणि परिसर यांचे नाते दाखवणारा इतका सोपा प्रयोग क्वचितच सापडेल.

आता नावे पाहू. हिमालयन ससा हिमालयातून आला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनमध्ये त्याला काही काळ वेगळी प्रजाती समजले गेले; पण रुपेरी-करड्या सशांच्या संकरातून तो जन्मतो, हे पैदासकारांच्या नोंदींवरून डार्विननी दाखवून दिले. चिंचिला ससा दक्षिण अमेरिकेतील चिंचिला या कृंतक प्राण्याच्या फरवरून ओळखला जातो. तो १९१३ मध्ये फ्रान्समध्ये दिबोव्स्की यांनी लोकांपुढे आणला. जगातील मांसोत्पादन आणि प्रयोगशाळा यांचा आधार असलेला न्यूझीलंड व्हाइट घडला तो अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. तिथेच १९२३ च्या सुमारास जॉर्ज वेस्ट यांनी हिमालयन, चिंचिला आणि न्यूझीलंड व्हाइट यांच्या संकरातून कॅलिफोर्नियन जात तयार करायला घेतली. तिच्या नाका-कानांवरचा काळा रंग हे हिमालयन रूपाचेच देणे.

सर्वांत नमुनेदार नाव ‘बेल्जियन हेअर’. इंग्रजीत हेअर म्हणजे लेपस. ही जात मात्र निखालस पाळीव ससा. लांब पाय, ताठ कान आणि लालसर फर निवडत जाऊन तिला रानसशाचे रूप दिले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत या सशांच्या खरेदीचे वेड पसरले. पैदाशीच्या नरांसाठी अव्वाच्या सव्वा किमती मोजल्या गेल्या. ससे मात्र भराभर वाढत होते. थोड्याच वर्षांत बाजार कोसळला.

लोकर, फर आणि मे महिना

रंगाखेरीज केसांचीही निवड झाली. अँगोरा सशाचे केस लांबतच जातात, कारण केसांची वाढ थांबवण्याचा संकेत देणारे एफजीएफ५ हे जनुक त्याच्यात बिघडलेले असते. रेक्स सशाची कथा १९१९ ची. फ्रान्समधील सार्थ भागात एका शेतकऱ्याच्या घरी, वरचे राठ केस नसलेली, मखमलीसारखी पिल्ले जन्मली. स्थानिक धर्मगुरू आबे जिले यांनी ती विकत घेऊन वंश टिकवला आणि १९२४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही जात जगापुढे आली. यामागेही एकाच जनुकातला बदल आहे. तो २०११ मध्ये ओळखला गेला.

भारतात ससेपालनाचे पद्धतशीर संशोधन राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेकडे आहे. तिची केंद्रे कुठे आहेत, हे पाहण्यासारखे आहे. जर्मन अँगोरा ससे हिमाचलमधील कुलू जिल्ह्यात गडसा येथे. सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट अशा मांसाच्या जाती तमिळनाडूत कोडाईकनालजवळच्या मन्नवनूर येथे. दोन्ही ठिकाणे थंड हवेची. हा योगायोग नव्हे. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतील रक्तवाहिन्यांतून आणि जलद श्वासोच्छ्वासातून बाहेर टाकतो. साधारण २० अंश सेल्सियसच्या आसपास तो सुखात असतो. ३० अंशांपुढे त्याचे खाणे घटते, नरांची प्रजननक्षमता उतरते. ३५ अंशांनंतर जिवाला धोका असतो. मे महिन्यात रायपूर, नागपूर, चंद्रपूर येथे पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या पिंजऱ्यात केसाळ ससा त्या दिवसांत काय सोसत असेल, याचा हिशेब बाजारात त्याच्या गोंडसपणाची किंमत लावताना कुणी मांडत नाही.

एकाच जातीचे प्राणी दूरवर नेण्यात आणखी एक धोका असतो. १९८४ मध्ये चीनच्या जिआंगसू प्रांतात जर्मनीहून आणलेल्या अँगोरा सशांत एक अज्ञात, वेगाने मारणारा रोग प्रथम दिसला. सशांचा रक्तस्रावी रोग म्हणून आज तो ओळखला जातो. काही वर्षांतच तो युरोपात पोहोचला आणि ऑरिक्टोलॅगसच्या मूळ घरापर्यंत गेला.

बुटकेपणाची किंमत

पाळीव सशांच्या इतिहासातले सर्वांत अस्वस्थ करणारे पान बुटक्या जातींचे आहे. नेदरलँड ड्वार्फ हा ससा जेमतेम एक किलोचा. गोल डोके, आखूड कान, मोठे डोळे. मोठेपणीही तो पिल्लासारखा दिसतो आणि लोकांना तेच हवे असते. २०१७ मध्ये या बुटकेपणाचे कारण नेमके सापडले. एचएमजीए२ या जनुकाच्या जागी डीएनएचा सुमारे १२,००० अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. आईवडिलांपैकी एकाकडूनच हे रूप मिळाले, तर पिल्लू प्रदर्शनात शोभेल असे बुटके होते. दोघांकडून मिळाले, तर ते जन्मतःच खुरटलेले असते आणि काही दिवसांत मरते.

मेंडेलचे गणित इथे क्रूर होते. दोन आदर्श बुटक्या सशांचे मीलन घडवले, तर सरासरी दर चार पिल्लांत एक मरणारच. पैदासकारांना ही पिल्ले पूर्वीपासून माहीत होती; आकारावरून त्यांनी त्यांना ‘शेंगदाणे’ असे नाव ठेवले. एका वेताचा चौथा हिस्सा वाया जाणे हे त्या जातीच्या घडणीतच लिहिलेले आहे.

लोंबत्या कानांच्या जातींबद्दलही प्रश्न आहेत. हॉलंड लॉप ही आज अतिशय लोकप्रिय असलेली जात नेदरलँड्समधील आद्रियान द कॉक यांनी १९४९ नंतरच्या दीड दशकात फ्रेंच लॉप आणि नेदरलँड ड्वार्फ यांच्या संकरातून घडवली. बुटकेपणा आणि लोंबते कान तिच्यात एकत्र आले. २०१९ मध्ये इंग्लंडमधील एका आश्रयगृहातील ३० सशांच्या तपासणीत लोंबत्या कानांच्या सशांच्या कानांची नळी अरुंद आणि वेदनायुक्त असण्याचे प्रमाण अधिक आढळले. दातांच्या विकारांशीही संबंध दिसला. पुढे पशुवैद्यकीय नोंदींच्या फार मोठ्या पाहणीत तो संबंध मात्र टिकला नाही. छोट्या अभ्यासाचा निष्कर्ष मोठ्या अभ्यासाने तपासायचा, ही विज्ञानाची रीत इथेही दिसते.

विचित्रतेचे टोक फ्रान्समधील सोतर दालफोर या जातीत आहे. १९३५ मध्ये प्रथम दिसलेले हे ससे उड्या मारू शकत नाहीत. घाईत असले की मागचे पाय वर उचलून पुढच्या दोन पायांवर चालतात. २०२१ मध्ये आरओआरबी या जनुकातील बदल त्यामागे असल्याचे दिसले. मज्जारज्जूतील हालचालींचे नियंत्रण कसे चालते, याबद्दल या सशांनी मोलाची माहिती दिली. मात्र त्यांना डोळ्यांचे विकार आणि अंधत्वही असते.

प्रयोगशाळेतला पांढरा ससा

माणसाच्या आरोग्याचा इतिहास सशाच्या उल्लेखाविना पुरा होत नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये वापरलेली श्वानदंशावरील लस रोगग्रस्त सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून बनवलेली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि डिसेंबरपर्यंत ती सशांचे प्लेगपासून रक्षण करते, हे पाहिले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे, तिच्या पायाभरणीत त्या सशांचाही वाटा आहे. जपानमध्ये योशिओ वातानाबे यांना १९७३ मध्ये रक्तात कोलेस्टेरॉल अतिशय वाढलेला एक ससा आढळला. त्याच्या वंशजांनी हृदयरोगाच्या अभ्यासाला आणि औषधांच्या शोधाला बळ दिले.

पुढे न्यूझीलंड व्हाइट हा प्रयोगशाळेचा ठरलेला ससा झाला. शांत स्वभाव, कानावर स्पष्ट दिसणारी शीर आणि जलद प्रजनन हे गुण त्याच्या पथ्यावर पडले नाहीत. माणसाच्या सोयीचे ठरले. १९४४ मध्ये जॉन ड्रेझ यांनी सुचवलेल्या चाचणीत प्रसाधनातले रसायन सशाच्या डोळ्यात घालून दाह मोजला जाई. भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास बंदी घातली आणि त्याच वर्षी अशा प्रसाधनांची आयातही थांबवली. पर्यायी पद्धती जसजशा सिद्ध होत आहेत, तसतसा पांढऱ्या सशावरचा हा भार हळूहळू उतरत आहे.

रान परत घेते ते काय ठेवते?

पाळीव ससा रानात सोडला तर? ऑस्ट्रेलियाचे उदाहरण सर्वांना माहीत असते. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन यांच्या व्हिक्टोरियातील जमिनीवर इंग्लंडहून २४ ससे आले आणि त्यांच्या वंशजांनी खंड व्यापला. कमी माहीत असलेली गोष्ट ही, की त्याआधीच्या ७० वर्षांत ऑस्ट्रेलियात अनेकदा ससे आणले गेले होते आणि त्यांतून असा प्रसार झाला नव्हता. २०२२ मधील जनुकीय अभ्यासाने फरक दाखवला. आधीचे बहुतेक ससे पाळीव वळणाचे होते. ऑस्टिन यांच्याकडे आलेल्या सशांत रानटी रक्त होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक खंडांवरील रानात स्थिरावलेल्या सशांच्या अभ्यासाने हेच अधिक खोलात मांडले. हे ससे मिश्र वंशाचे आहेत. पण त्यांच्यात माणसाळण्याशी निगडित जनुकरूपे पिढ्यानपिढ्या गाळली गेली आहेत. पांढरा रंग आणि कमी झालेली भीती पिंजऱ्यात कामाची. घार-कोल्ह्यांच्या जगात ती मृत्यूची खूण ठरते.

भारतातल्या वाचकासाठी यातून दोन साधी सूत्रे निघतात. घरातला ससा कंटाळा आला म्हणून माळावर सोडणे म्हणजे त्याला मुक्त करणे नव्हे. त्याचा मेंदू, रंग आणि कित्येकदा आकारही त्या जगासाठी उरलेला नाही. उलट, शेतात गवतात एकटे बसलेले तपकिरी पिल्लू पोरके समजून घरी आणणेही चुकीचे. रानसशाची आई दिवसा पिल्लांपासून दूर राहते आणि अंधारात येऊन पाजते. तो तिचा त्याग नसून शत्रूला माग लागू न देण्याची रीत आहे. शिवाय भारतीय ससा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा ठरतो. पाळीव जातींना हा कायदा लागू नाही. एकाच ‘ससा’ या शब्दाखाली कायद्यालाही दोन प्राणी वेगळे करावे लागतात.

विद्यार्थ्यांनी जातींच्या तक्त्यात वजन, रंग आणि कान पाठ करावेत, त्याला हरकत नाही. त्या तक्त्यात आणखी एक रकाना असावा : हा गुण कोणासाठी निवडला गेला? अँगोराचे केस गिरणीसाठी, रेक्सची मखमल फरच्या व्यापारासाठी, न्यूझीलंड व्हाइटची वाढ मांसासाठी, बुटक्या सशाचे बालरूप माणसाच्या हौसेसाठी. २०० वर्षांत घडलेल्या या यादीत सशाच्या स्वतःच्या सुखासाठी निवडलेला गुण शोधायला गेले, तर तो रकाना जवळजवळ रिकामा राहतो.